समुद्रकिनाऱ्यावरील रडार-केंद्र : कोलंबो आणि त्रिंकोमाली, १९४२

म्हैसूर हे समुद्राकाठचे शहर नव्हे. तरीही तेथून पश्चिमेस मलबारचा किनारा सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर अंतरावर आहे. घाट उतरून जाणाऱ्या प्रवाशाला ही वाट लांबची वाटते. दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकी विमान ताशी ३०० किलोमीटर वेगाने हेच अंतर २८ मिनिटांत तोडू शकत असे. रेडिओ-लहरीला मात्र तितके अंतर जाऊन परत येण्यास एका सेकंदाचा हजारावा भागही पुरा लागत नाही. विमानाला लागणारा वेळ आणि लहरीला लागणारा वेळ ह्यांत जी प्रचंड तफावत आहे, तिच्यावरच रडार ह्या यंत्राची सारी उपयुक्तता आधारलेली आहे. शत्रू येऊन पोहोचण्यापूर्वी त्याची वार्ता येऊन पोहोचते आणि मधली काही मिनिटे माणसाच्या हाती उरतात.

ही मिनिटे हाती आली तर काय होते आणि न आली तर काय होते, ह्याचे एक बोलके उदाहरण हिंदुस्थानच्या दक्षिणेस असलेल्या सिलोन बेटावर, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, १९४२ च्या एप्रिल महिन्यात घडले. त्या बेटावर कोलंबो आणि त्रिंकोमाली ह्या दोन बंदरांजवळ नुकतीच रडार-केंद्रे उभारण्यात आली होती. दोन्ही बंदरांवर चार दिवसांच्या अंतराने एकाच जपानी आरमाराच्या विमानांनी हल्ला केला. एका ठिकाणी रडारचा इशारा मिळाला नाही, दुसऱ्या ठिकाणी तो मिळाला. त्या दोन सकाळींची हकीकत समजून घेण्यापूर्वी रडार कसे चालते, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

लहर जाते आणि परत येते

डोंगराकडे तोंड करून हाक मारली असता काही वेळाने प्रतिध्वनी ऐकू येतो. हाक आणि प्रतिध्वनी ह्यांमधील वेळ मोजला आणि ध्वनीचा वेग ठाऊक असला, तर डोंगर किती दूर आहे हे सांगता येते. रडारमध्ये ध्वनीऐवजी रेडिओ-लहरी वापरतात. ह्या लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर वेगाने जातात. त्या वाटेत विमान, जहाज किंवा डोंगर ह्यांवर आदळल्या की त्यांचा अत्यल्प अंश मागे परततो.

रडारचा प्रक्षेपक लहरी अखंड सोडीत नाही. तो एका सेकंदाच्या काही लक्षांश भागापुरता लहरींचा एक झोत सोडतो आणि मग गप्प राहतो. ह्या झोतास स्पंद म्हणतात. प्रक्षेपक गप्प असताना ग्राहक-यंत्र परत येणाऱ्या प्रतिध्वनीची वाट पाहते. स्पंद निघाल्यापासून एका सेकंदाच्या दहा लक्षांश भागानंतर प्रतिध्वनी आला, तर ती वस्तू १५० मीटरवर आहे. एक हजारांश सेकंदानंतर आला, तर ती १५० किलोमीटरवर आहे. इतका सूक्ष्म काळ कोणत्याही घड्याळाच्या काट्याने मोजता येत नाही. तो ऋणकिरण-नलिकेच्या काचेच्या पडद्यावर मोजतात. त्या पडद्यावर प्रकाशाची एक आडवी रेषा दिसते. प्रतिध्वनी आला की त्या रेषेवर एक लहानसा कंगोरा उमटतो. कंगोरा रेषेच्या प्रारंभापासून जितका दूर, तितके विमानही दूर. ज्या तारांच्या सांगाड्यावरून लहरी सोडल्या व घेतल्या जातात, त्या आकाशकाच्या साहाय्याने विमान कोणत्या दिशेस आहे, हे ठरविता येते.

ही रीत प्रथम युद्धासाठी निघाली नव्हती. पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या भागात विद्युद्भारित कणांचे थर आहेत. त्यांची उंची मोजण्यासाठी ब्राइट आणि ट्यूव्ह ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२५ मध्ये आकाशात रेडिओ-स्पंद सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपले होते. त्याच थरांचा अभ्यास पुढे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र आणि त्यांचे सहकारी करीत होते. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमध्ये डॅव्हेन्ट्री येथे वॉटसन-वॅट आणि विल्किन्स ह्यांनी एका प्रयोगाने असे दाखवून दिले की, नभोवाणीच्या प्रक्षेपकाच्या लहरी उडत्या विमानावरूनही परावर्तित होतात आणि त्या ओळखता येतात. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात म्हैसूर येथे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी ह्यांनी आपल्या घरी एक लहान प्रक्षेपक बसवून नभोवाणी-केंद्र सुरू केले आणि त्यास ‘आकाशवाणी’ हे नाव दिले. म्हैसूरच्या प्रक्षेपकाची लहर श्रोत्यांच्या घरी पोहोचून आपले काम संपवीत होती. रडारची लहर मात्र परत आली तरच उपयोगी पडते. लहरींचे शास्त्र दोन्हीकडे एकच होते.

क्षितिजाची मर्यादा

रडारलाही सर्व काही दिसत नाही. त्याच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे दूरचे विमान खालून उडत असेल, तर ते क्षितिजाच्या आड राहते. केंद्राचे आकाशक समुद्रसपाटीपासून ३० मीटर उंचीवर आहे असे मानू. तीन हजार मीटर उंचीवरून येणारे विमान त्याला सुमारे २५० किलोमीटरपर्यंत दिसू शकेल. तेच विमान केवळ १०० मीटर उंचीवरून आले, तर सुमारे ६५ किलोमीटरच्या आत आल्याखेरीज दिसणार नाही. ताशी ३०० किलोमीटर वेगाने हे ६५ किलोमीटर तोडण्यास १३ मिनिटे लागतात. ह्यावरून रडार-केंद्रासाठी किनाऱ्यावरील उंच भूशिर किंवा टेकडी का निवडीत असत, हे ध्यानात येईल. पुढे समुद्र मोकळा असावा, हेही आवश्यक असे. कारण जवळच्या टेकड्या व इमारती ह्यांवरून येणारे प्रतिध्वनी पडद्यावर गर्दी करतात आणि त्यांत विमानाचा बारीक कंगोरा हरवतो.

पडद्यापासून धावपट्टीपर्यंत

पडद्यावर कंगोरा दिसला म्हणजे इशारा मिळाला, असे मात्र नाही. पडद्यापुढे बसलेल्या माणसाने तो ओळखावा लागतो. अंतर व दिशा दूरध्वनीवरून नियंत्रण-कक्षास कळवावी लागते. तेथे मोठ्या नकाशावर खुणा मांडून विमाने किती, कोणाची आणि कोणीकडे निघाली आहेत ह्याचा निर्णय करावा लागतो. त्यानंतर विमानतळास हुकूम जातो आणि वैमानिक आकाशात झेप घेतात. त्या काळच्या हरिकेन जातीच्या लढाऊ विमानास वीस हजार फूट उंची गाठण्यास आठ-नऊ मिनिटे लागत. शत्रूपेक्षा अधिक उंची गाठण्यापूर्वीच गाठ पडली, तर लढाईचा निकाल बहुधा आधीच ठरून जाई. १९४० मध्ये इंग्लंडचा बचाव रडारने केला असे म्हणतात. परंतु तो बचाव किनाऱ्यावरील केंद्रे, दूरध्वनीच्या तारा, नियंत्रण-कक्ष आणि विमानतळ ह्या साऱ्यांनी मिळून केला होता. ही साखळी तेथे युद्धापूर्वीच बांधलेली होती आणि तिच्या तालमी झालेल्या होत्या.

साखळीचा एक दुवा कच्चा राहिल्यास काय होते, हे ७ डिसेंबर १९४१ रोजी हवाई बेटांवर दिसून आले. ओआहू बेटाच्या उत्तर टोकास ओपाना येथे अमेरिकन सैन्याचे एक फिरते रडार-केंद्र होते. सकाळी ७ वाजून २ मिनिटांनी तेथील दोघा सैनिकांना सुमारे २१० किलोमीटरवर विमानांचा मोठा थवा दिसला. त्यांनी तो दूरध्वनीवरून कळविला. दूरध्वनी घेणाऱ्या अधिकाऱ्यास त्या सकाळी मुख्य भूमीवरून आपलीच काही बाँबफेकी विमाने येणार असल्याचे ठाऊक होते. तीच ही असावीत, असे समजून त्याने काळजीचे कारण नाही असे सांगितले. पाऊण तासाहून अधिक वेळ हाती असूनही तो वाया गेला आणि पर्ल हार्बर बंदरावर बाँब पडू लागले. त्या ठिकाणी यंत्राने आपले काम चोख केले होते. पाहणाऱ्यांनीही केले होते. वार्तेचा अर्थ लावताना मात्र चूक झाली.

सिलोनमधील तयारी

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि मार्चमध्ये रंगून. बंगालच्या उपसागराचा पूर्व किनारा जपानच्या हाती जात होता. ब्रिटिशांच्या पौर्वात्य आरमाराचा मुख्य आधार आता सिलोनच होता. पश्चिम किनाऱ्यावरील कोलंबो आणि पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमाली ह्या बंदरांचे रक्षण करण्यासाठी हरिकेन विमाने आणण्यात आली. त्यांच्याबरोबरच वाहनांवरून नेता येण्याजोगी रडार-यंत्रेही आली. त्यांपैकी क्रमांक २५४ चे केंद्र मार्च महिन्याच्या उत्तरार्धात कोलंबोच्या गोल्फ-मैदानावर उभे राहिले आणि दूरध्वनीने नियंत्रण-कक्षास जोडले गेले. क्रमांक २७२ चे केंद्र त्रिंकोमालीजवळ एलिझाबेथ पॉइंट ह्या भूशिरावर उभारले गेले. दोन्ही केंद्रे नवी होती. इंग्लंडच्या किनाऱ्यावर एकमेकांना आधार देणाऱ्या केंद्रांची रांग होती. येथे प्रत्येक बंदरामागे एकच केंद्र होते. एका केंद्राचे काम काही काळ थांबले, तर त्याच्या जागी पाहणारे दुसरे कोणी नव्हते.

समुद्रावर दूरवर पाहण्याचे काम कॅटॅलिना जातीच्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांकडे होते. ४ एप्रिलच्या दुपारी लेनर्ड बर्चल ह्या कॅनेडियन वैमानिकाच्या विमानास सिलोनच्या दक्षिणेस कित्येक शे किलोमीटरवर एक मोठे आरमार दिसले. ते ॲडमिरल नागुमो ह्यांचे होते आणि त्यात पाच विमानवाहू जहाजे होती. बर्चलच्या माणसांनी बिनतारी संदेश पाठविण्यास सुरुवात केली. संदेश चालू असतानाच जपानी लढाऊ विमानांनी ती कॅटॅलिना पाडली. तिच्यातील नऊ जणांपैकी बर्चल धरून सहा जण वाचले. त्यांनी युद्ध संपेपर्यंतचा काळ जपानच्या कैदेत काढला. परंतु संदेश पोहोचला होता. त्या रात्री कोलंबो बंदरातील पुष्कळ जहाजे बाहेर काढण्यात आली.

५ एप्रिल : कोलंबो

५ एप्रिल हा ईस्टरचा रविवार होता. हल्ला होणार हे सर्वांस ठाऊक होते. तो नेमका केव्हा आणि कोणत्या दिशेने येईल, एवढेच रडारने सांगावयाचे होते. सुमारे सव्वाशे जपानी विमाने पहाटे आपल्या जहाजांवरून निघाली आणि सकाळी साडेसातनंतर कोलंबोवर पोहोचली. रडार-केंद्राकडून त्यांची आगाऊ सूचना मिळाली नाही. रत्मलान येथील विमानतळावरील वैमानिकांना शत्रू आला हे कळले, ते विमाने डोक्यावर दिसली तेव्हा. हरिकेन विमानांनी शत्रूच्या डोळ्यांदेखत धावपट्टीवरून उड्डाण केले. शहरातील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर एक नवी धावपट्टी तयार करण्यात आली होती. तिची जपान्यांना माहिती नव्हती, म्हणून तेथील विमाने निर्वेधपणे वर जाऊ शकली. परंतु उंची गाठण्यास अवधी तेथेही मिळाला नाही.

त्याच वेळी त्रिंकोमालीकडून सहा स्वोर्डफिश विमाने कोलंबोकडे येत होती. ही कापडी आवरणाची, दुहेरी पंखांची व मंदगतीची विमाने होती. आकाशात शत्रू आहे ह्याची त्यांना कल्पना नव्हती. सहाही पाडली गेली. बंदरात ‘टेनेडोस’ ही विनाशिका आणि ‘हेक्टर’ हे सशस्त्र व्यापारी जहाज बुडाले. शहरातील नागरिकही मृत्युमुखी पडले. त्या दिवशी दुपारी ‘डॉर्सेटशर’ आणि ‘कॉर्नवॉल’ ह्या दोन क्रूझर जहाजांना जपानी विमानांनी भर समुद्रात गाठून बुडविले. त्यांवरील ४२४ माणसे दगावली.

कोलंबोचे केंद्र त्या सकाळी का चुकले, ह्याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. पाळी बदलण्याची वेळ, यंत्राच्या देखभालीची वेळ, पाहणाऱ्यांचा अननुभव अशी निरनिराळी कारणे सांगितली गेली आहेत. ह्यांपैकी कोणतेही खरे धरले, तरी त्यात रेडिओ-लहरींचा दोष निघत नाही. केंद्र उभे होते, दूरध्वनीची तार जोडलेली होती. परंतु दिवसरात्र एक क्षणही डोळा न मिटता पहारा करण्याची शिस्त काही दिवसांत अंगी मुरत नाही.

९ एप्रिल : त्रिंकोमाली

दरम्यान ६ एप्रिल रोजी ॲडमिरल ओझावा ह्यांच्या दुसऱ्या जपानी आरमाराने बंगालच्या उपसागरात व्यापारी जहाजांची धूळधाण उडविली. त्याच दिवशी विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे बाँब पडले. हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावर घबराट पसरली आणि मद्रासहून लोक आतल्या भागाकडे निघून जाऊ लागले.

८ एप्रिल रोजी एका कॅटॅलिनाने नागुमोचे आरमार पुन्हा पाहिले. ह्या वेळी ते त्रिंकोमालीच्या रोखाने येत होते. रात्री बंदर मोकळे करण्यात आले. ९ एप्रिलच्या सकाळी सातच्या सुमारास एलिझाबेथ पॉइंटच्या केंद्राने सुमारे नव्वद सागरी मैल अंतरावर विमानांचा थवा टिपला. सागरी मैल म्हणजे जवळजवळ १.८५ किलोमीटर. तेव्हा हे अंतर सुमारे १६५ किलोमीटर झाले. म्हैसूरहून मलबार किनारा जितका दूर, त्याहून थोडे अधिक. वार्ता नियंत्रण-कक्षात गेली, तेथून विमानतळावर गेली आणि बाँब पडण्यापूर्वी पंधराहून अधिक हरिकेन आकाशात पोहोचली. ह्या वेळी साखळीतील प्रत्येक दुव्याने आपले काम केले होते.

तरीसुद्धा त्रिंकोमालीत विजय झाला असे म्हणता येणार नाही. सुमारे एकशे तीस विमानांपुढे ही संख्या अपुरी होती. कित्येक हरिकेन पडली. विमानतळाची व गोदीची मोठी हानी झाली. बंदरातून रात्री निघालेले ‘हर्मिस’ हे विमानवाहू जहाज किनाऱ्याने जात असता शत्रूच्या टेहळणी विमानास दिसले. त्यावर त्या वेळी एकही लढाऊ विमान नव्हते. किनाऱ्यावरून विमाने मदतीस पोहोचण्यापूर्वीच बॅटिकलोआजवळ ते बुडाले आणि त्यावरील ३०७ माणसे मरण पावली. त्याच्यासोबत असलेल्या ‘व्हॅम्पायर’ ह्या विनाशिकेचीही तीच गत झाली.

रडार काय देते

ह्या दोन हकीकती शेजारी ठेवल्या म्हणजे रडारविषयी दोन गैरसमज दूर होतात. पहिला असा की, यंत्र बसविले म्हणजे संरक्षण झाले. कोलंबोस यंत्र होते, पण इशारा नव्हता. दुसरा असा की, इशारा मिळाला म्हणजे संकट टळले. त्रिंकोमालीस इशारा होता, पण त्याचा पुरता लाभ घेण्याइतकी विमाने नव्हती. रडार फक्त वेळ देते. त्या वेळात काय करावयाचे हे आधी ठरलेले असेल, करणारी माणसे शिकलेली असतील आणि त्यांच्याजवळ साधने असतील, तरच त्या वेळाचे मोल होते. उलट, बर्चलच्या कॅटॅलिनातील माणसांजवळ डोळे आणि एक बिनतारी यंत्र एवढेच होते. पण त्यांचा अपुरा राहिलेला संदेश ऐकला गेला व त्यावर कृती झाली, म्हणून अनेक जहाजे वाचली.

युद्धानंतर

युद्धकाळातच दक्षिण हिंदुस्थानात ह्या विद्येस लागणारे उद्योग रुजू लागले होते. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद ह्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना स्थापिला. पुढे युद्धाच्या काळात तेथे कॅटॅलिना विमानांचीही दुरुस्ती होत असे. ती विमाने जवळच्या बेळंदूर तलावावर उतरत. १९५४ मध्ये बंगळूर येथेच भारत इलेक्ट्रॉनिक्स ही संस्था स्थापन झाली आणि कालांतराने तेथे रडार-यंत्रे तयार होऊ लागली.

भारताच्या पूर्व किनाऱ्यावर आता रडार पहारा करते ते केवळ शत्रूच्या विमानांसाठी नव्हे. पावसाच्या थेंबांवरूनही रेडिओ-लहरी परावर्तित होतात. त्यामुळे समुद्रावरील चक्रीवादळाचे भोवऱ्यासारखे ढग आणि मधला शांत डोळा किनाऱ्यावरून शेकडो किलोमीटरपर्यंत पाहता येतो. ज्या विशाखापट्टणमवर १९४२ मध्ये बाँब पडले होते, तेथेच १९७० मध्ये हवामान-खात्याने चक्रीवादळांचा शोध घेणारे रडार-केंद्र उभारले.

येथेही जुनाच नियम लागू पडतो. १९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ हे प्रचंड वादळ आले, तेव्हा उपग्रह आणि रडार ह्यांची वार्ता गावोगाव पोहोचली. लक्षावधी लोकांना वेळीच पक्क्या आसऱ्यांत हलविण्यात आले आणि मृतांची संख्या काही दशकांपलीकडे गेली नाही. चौदा वर्षांच्या काळात यंत्रे सुधारली होती, हे खरे. त्याहून मोठा फरक असा की, पडद्यावर उमटलेली खूण आता कोळ्याच्या झोपडीपर्यंत पोहोचत होती, आसरे आधीच बांधलेले होते आणि इशारा मिळताच कोठे जावयाचे हे लोकांस ठाऊक होते.